ओरिजिनल म्हणून विकलेला बनावट हेडफोन : बेळगावच्या बाजारातील एक अनुभव

उद्यमबागेतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी नोकरी करते. आमच्या खोलीची मागची भिंत कॉम्प्रेसरच्या शेडला लागून असल्यामुळे दिवसभर एक संथ घरघर कानांवर असते. दुपारनंतर मंद आवाजात गाणे लावले की आकडेमोडीत मन लागते. पण साध्या इअरफोनवर त्या घरघरीच्या वर गाणे ऐकू यायचे, तर आवाज इतका वाढवावा लागतो की संध्याकाळी कान ठणकू लागतात. म्हणून बाहेरचा आवाज दाबणारा, पूर्ण कान झाकणारा आणि शेजारच्या टेबलापर्यंत गाणे पोचू न देणारा हेडफोन घ्यायचे मी ठरवले. बरीच माहिती वाचल्यावर सोनी कंपनीचे २०२० साली आलेले डब्ल्यूएच-१००० एक्सएम४ हे मॉडेल निश्चित केले. त्याची छापील किंमत २९,९९० रुपये होती.

खडेबाजाराला लागून असलेल्या एका गल्लीतील दुकानात हेच मॉडेल ११,००० रुपयांना मिळेल असे सांगण्यात आले. किंमत एवढी कमी कशी, असे विचारल्यावर दुकानदाराकडे उत्तर तयार होते. ‘‘गोव्याच्या शोरूममधला डिस्प्ले पीस हाय अक्का, खोकं उघडलंय म्हणून कंपनीनं भाव पाडलाय. वापरून बघा की, पटलं तरच घ्या.’’ त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवला, स्वतःच्या फोनवरून ढोल-ताशांचे एक दणदणीत गाणे लावले आणि बटण दाबले. ‘नॉइज कॅन्सलिंग’ चालू झाल्याचे इंग्रजीत सांगणारा बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. बाहेर रिक्षांचे भोंगे, कानांत ढोल. अशा गदारोळात वस्तूचा कोणताही दोष कळणे शक्य नसते, आणि प्रात्यक्षिक मुद्दाम तसेच रचलेले असते, हे सर्वांनी नीट लक्षात ठेवावे. पक्के बिल मागितले, तेव्हा ‘‘कॉम्प्युटर बंद हाय, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकतो’’ असे उत्तर मिळाले. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता कुणा तिसऱ्याच व्यक्तीचे नाव आले. ते ‘भावाचे खाते’ असल्याचा खुलासा झाला.

कार्यालयात हेडफोन लावून बटण दाबले, तर बाई बोलली, पण कॉम्प्रेसर होता तसाच राहिला. अस्सल उपकरणात बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडली जाते. माणसांचे बोलणे त्याने पूर्ण थांबत नाही. मात्र पंखा, वातानुकूलन यंत्र किंवा कॉम्प्रेसर यांसारखी सलग, खालच्या पट्टीतली घरघर लक्षणीय कमी व्हायलाच हवी. म्हणून खरेदीच्या वेळी गाणे पूर्ण बंद ठेवून, चालू पंख्याजवळ उभे राहून ते बटण दाबून पाहावे. फरक जाणवला नाही, तर ती केवळ ध्वनिमुद्रित घोषणा आहे.

दुसरी खूण गाण्यानेच दाखवली. आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गायन मी लावले. तानपुरे सुरात लावण्याबाबत ते किती काटेकोर होते, हे त्यांच्या श्रोत्यांना सांगायला नको. या हेडफोनमध्ये मात्र तानपुऱ्याच्या जागी नुसती भुणभुण उरली होती, चार तारांतील एकही तार वेगळी कळत नव्हती आणि तबल्याचा डग्गा प्रत्येक आघाताला गाणाऱ्याच्या आवाजावर चढून बसत होता. बनावट मालात खर्ज फुगवलेला असतो, कारण दुकानातल्या अर्ध्या मिनिटात तेवढेच प्रभावी वाटते. त्यामुळे दुकानदाराच्या फोनवरचे गाणे ऐकण्यापेक्षा स्वतःला पाठ असलेली, संथ आणि मोजकी वाद्ये असलेली चीज ऐकावी.

मग मी एकेक गोष्ट तपासत गेले. अस्सल मॉडेल कानांवरून काढताच गाणे थांबते. हे वाजतच राहिले. अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर पर्यायांत एलडॅक हा कोडेक (ब्लूटूथवरून गाणे अधिक तपशिलासह पाठवण्याची सोनीची पद्धत) दिसायला हवा होता, तो नव्हता. कंपनीच्या ॲपने हे उपकरण ओळखलेच नाही. कंपनीने वजन सुमारे २५४ ग्रॅम दिले आहे. आमच्या स्टोअरमधील काट्यावर ते २०० ग्रॅमही भरले नाही. सर्वांत बोलका पुरावा खोक्यावर होता. बिनतारी हेडफोनांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची असून ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक त्यासाठी छापतात. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, तेव्हा भलत्याच उत्पादकाच्या मोबाईल चार्जरची नोंद समोर आली. हे काम दुकानात उभे राहूनही करता येते आणि त्यासाठी गाण्याची जाण लागत नाही. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ताही असावा लागतो. इथे ती जागा कोरी होती.

बिल म्हणून जे आले, ते ‘एस्टिमेट’ असे लिहिलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र होते. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, वस्तूचा अनुक्रमांक नव्हता, मॉडेलचे नावदेखील नव्हते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ एवढे मात्र ठळक होते. पक्क्या बिलावर पंधरा वर्णांचा क्रमांक असतो आणि कर्नाटकातील नोंदणी २९ ने, महाराष्ट्रातील २७ ने सुरू होते. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचे नोंदणीकृत नाव दिसते.

परत गेल्यावर दुकानदाराने हा माल आमचा नव्हेच, असा पवित्रा घेतला. सुदैवाने यूपीआयची नोंद, चिठ्ठी आणि किमतीविषयीचे व्हॉट्सॲप संदेश माझ्याकडे होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर परतीसाठी तीस दिवस धरले जातात. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही आणि तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. आपल्या भागातील लोक खरेदीसाठी सर्रास कोल्हापूरला जातात, म्हणून एक तरतूद आवर्जून सांगते : आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या आयोगाकडेही दाद मागता येते. निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात हेडफोन घेतला असला, तरी तो बेळगावच्या आयोगात तक्रार दाखल करू शकतो.