फ्रीकॅड 1.0 चं असेंब्ली: मशीन व्हाईस करून बघितला, मग लिहितोय

फ्रीकॅड हे 3डी डिझाइनचं सॉफ्टवेअर चार महिने रोज वापरलं, आता लिहायला हरकत नाही. आमचं काम जिग-फिक्स्चरचं (मशीनवर जॉब पकडायची साधनं), डिझाइनला मी एकटाच, त्यामुळे मोठ्या सॉफ्टवेअरचं दरवर्षीचं लायसन्स परवडत नाही आणि क्रॅक कॉपी वापरायची नाही हे पक्कं होतं. फ्रीकॅड फुकट, धंद्याच्या कामालासुद्धा. प्रोजेक्ट 2002 पासूनचं, पण 1.0 आलं नोव्हेंबर 2024 मध्ये आणि असेंब्लीचं वर्कबेंच (सुटे पार्ट जोडून हालचाल बघायचा विभाग) त्यात आतच मिळालं, आधी असेंब्ली4, ए2प्लस असले अ‍ॅडऑन टाकून काम चालवायला लागायचं.

पहिला केला मशीन व्हाईस, म्हणजे जॉब आवळून धरायचं साधन. बॉडी ग्राउंड केली, म्हणजे जागेवर पक्की केली, सरकत्या जॉला (जबड्याला) स्लायडर, म्हणजे फक्त सरकू देणारा जॉइंट, बॉडीत कॉलरने अडकवलेल्या स्क्रूला रिव्हॉल्यूट, म्हणजे फक्त फिरू देणारा, आणि मग दोघांना बांधणारा स्क्रू जॉइंट. आता हिशोब बघा, सुट्ट्या पार्टला सहा फ्रीडम (तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं), दोघांचे बारा, स्लायडरने पाच गेले रिव्हॉल्यूटने पाच गेले, उरले दोन, स्क्रू जॉइंटने आणखी एक गेला, म्हणजे एकच हालचाल शिल्लक. स्क्रू फिरवला की जॉ सरकतो! खरा व्हाईस हातात धरल्यासारखं वाटलं, खूप आनंद झाला. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेट लावायची, म्हणजे फेसला फेस जुळवायची सवय असेल तर सुरुवातीला अडखळाल, इथे फेस फेसला चिकटवायचा नाही, पार्ट कसा हलणार ते आधी ठरवायचं आणि त्याचा एकच जॉइंट लावायचा. मला तर हीच पद्धत जास्त पटली.

आधीच्या व्हर्जनमध्ये पार्टला एक चॅम्फर मारला (कड तिरकी कापली) की फेसचे नंबर बदलायचे आणि जॉइंट भलत्याच ठिकाणी जाऊन बसायचा. ते 1.0 मध्ये बरंच सुधारलंय, पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. पार्ट वाढले की जॉइंटचं गणित सोडवणारा सॉल्व्हर जड होतो, म्हणून मी सब-असेंब्ली करून घेतो. कस्टमरची फाइल स्टेपमध्येच (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फॉरमॅट) मागवा, सॉलिडवर्क्सची असेंब्ली थेट उघडत नाही, आणि स्टेपमध्ये मेट येत नाहीत, जॉइंट परत लावायचे. पार्ट लिस्ट मात्र आतूनच निघते. माझ्याकडून पाचपैकी चार.

नवीन पोरांना एकच कळकळीने सांगतो, स्क्रीनवर 12 मिमीची पिन 12 मिमीच्या होलमध्ये नेहमीच बसते. प्रत्यक्षात मापाला टॉलरन्स (चालणारा फरक) असते, होल 12 एच7 म्हणजे 12.000 ते 12.018, पिन जी6 म्हणजे 11.983 ते 11.994, क्लिअरन्स (मधली मोकळी जागा) 6 ते 35 मायक्रॉन, हे जॉइंटला माहीतच नसतं. एका पिनला चालून जातं, पण प्लेटमध्ये दोन पिना असल्या की सेंटर डिस्टन्सची टॉलरन्सपण त्यात मिळते आणि जॉब चढतच नाही. तो हिशोब कागदावर करा, दुसरी पिन डायमंड (दोन बाजूंनी कापलेली) घ्या, आणि मगच ड्रॉइंग मशीनवर पाठवा.