कापडाचा पोत आणि 100 मिमीचा मॅक्रो: वापरानंतरचा अनुभव

वर्ष होत आलं, हा मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स) माझ्या कॅमेऱ्यावरून फारसा उतरलेला नाही. काम ठरलेलं: ऑनलाइन विक्रीसाठी कापडाचे फोटो. सोलापुरात राहतो, त्यामुळे चादरी आणि टेरी टॉवेल आहेतच. शिवाय माणदेशातली घोंगडी, इलकलच्या साड्या, गुळेदगुड्डचे खण. लेन्सच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा 90 ते 105 मिमीच्या कुठल्याही मॅक्रोला लागू पडतील. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, 24 मेगापिक्सेल.

निकाल आधीच सांगून टाकतो. लेन्स चांगली आहे, पैसे वाया गेले असं वाटत नाही. पण कापडाचा पोत दिसावा म्हणून कुणी मॅक्रो घ्यायला निघालं असेल, तर त्याला मी आधी एक बरा एलईडी दिवा, उंच स्टँड आणि थर्माकोलचे दोन शीट घ्यायला सांगेन. पोत दिसतो तो सावलीमुळे. लेन्सच्या हातात सावली नसते.

हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळं यावरच अवलंबून आहे. साध्या विणीत धाग्याचा उठाव असतो किती? समजा 0.2 मिमी. दिवा 45 अंशांवर ठेवला तर त्या उठावाची सावलीही 0.2 मिमीचीच पडते. फोटोत कापड सपाट कागद वाटतं. तोच दिवा खाली आणून 10 अंशांवर ठेवला की सावली 1 मिमीच्या वर जाते आणि एकेक धागा उठून दिसायला लागतो. मात्र हाच कोन टेरी टॉवेलला लावून बघा. तिथे लूप 3 मिमी उंच धरला तर सावली 17 मिमीची होते, म्हणजे एका ओळीची सावली पुढच्या कितीतरी ओळी गिळून टाकते आणि टॉवेल मळका दिसतो. टॉवेलला मी 35 अंशांच्या आसपास थांबतो. घोंगडीला त्याहून खाली. चादरीला कोनापेक्षा दिशा महत्त्वाची: दिवा ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने लावला तर आडवे धागे उठतात, बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने लावला तर उभे. जेकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी काढलेल्या चादरीत नक्षी कुठल्या धाग्यांनी उचलली आहे ते आधी बोटाने चाचपून बघायचं आणि मग स्टँड हलवायचा.

तिरप्या दिव्याची एक अडचण कुणी सांगत नाही. दिवा कापडाच्या कडेपासून 30 सेंमीवर आहे आणि कापड 60 सेंमी रुंद आहे असं समजा. जवळची कड 30 सेंमीवर, लांबची 90 वर, म्हणजे तिथे प्रकाश नवव्या हिश्श्याइतकाच पोहोचतो. तीन स्टॉपपेक्षा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एडिटिंगमध्ये हे सरळ करायला गेलात की अंधाऱ्या बाजूला दाणे येतात. दिवा 1.8 मीटरवर नेला की हाच फरक एका स्टॉपच्या आत येतो, उरलेला समोर उभा केलेला थर्माकोल उजेड परतवून भरून काढतो. त्यासाठी खोली मोठी लागते. माझी नाही, दिवा दाराबाहेर पॅसेजमध्ये उभा असतो आणि घरातले त्याला वळसा घालून जातात.

आता लेन्सकडे येऊ. सगळा बोलबाला असतो तो 1:1 चा, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उतरते त्या प्रमाणाचा. फुल फ्रेमवर याचा अर्थ 36 बाय 24 मिमीचा तुकडा. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं कापड. घोंगडीवाले मामा सुरुवातीपासून मागे लागले होते, "सर, अजून जवळून घ्या, लोकर दिसली पाहिजे." घेतले. लोकर दिसली, चिंचोक्याच्या खळीने चिकटलेले तंतूही दिसले. आणि गिऱ्हाइकांचे मेसेज यायला लागले: टोचणार तर नाही ना? एका बाईंनी सरळ लिहिलं, "फोटोत काथ्यासारखं दिसतंय."

नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते आणि वापरात मऊ पडत जाते, हे आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर बघणाऱ्याला ते कसं कळणार? 1:1 मध्ये जगातलं कुठलंही कापड खरखरीत दिसतं, अगदी रेशीमसुद्धा. माणूस कापड हातात घेऊन बघतो ते एवढ्या जवळून बघतच नाही. म्हणून आता पोताच्या फोटोसाठी माझं प्रमाण 1:4 आहे. फ्रेममध्ये साधारण 14 बाय 10 सेंमीचा तुकडा येतो, तळहाताएवढा. वीण दिसते, तंतू दिसतात, आणि कापड कापडच राहतं. मामांना हे फोटो आधी फिके वाटले. टोचण्याचे प्रश्न कमी झाल्यावर ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ती पसंतीच.

1:1 अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र नाही. पुरावा द्यायचा असेल तिथे त्याला पर्याय नाही. इलकलच्या साडीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात, आणि ते फंद्यात फंदा अडकवून जोडतात, त्याला टोप-तेणी म्हणतात. ही जोडाची रेघ जवळून नीट दाखवली की जाणकार गिऱ्हाईक पुढचं काही विचारत नाही. असा एकच फोटो, अल्बमच्या शेवटी.

जवळ जाण्याची किंमतही मोजावी लागते. 1:1 ला f/8 वर (f चा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम 1 मिमी असते. 1:4 ला तीच 1 सेंमीच्या जवळपास जाते. कॅमेरा कापडाला तंतोतंत समांतर नसेल तर अर्धी फ्रेम धूसर. यावर एक जुना उपाय आहे आणि मला त्याच्याइतका भरवशाचा दुसरा सापडला नाही: कापडावर छोटा आरसा सपाट ठेवायचा आणि स्क्रीनमध्ये बघत कॅमेरा असा फिरवायचा की लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईल. आलं की कॅमेरा समांतर झाला. मग आरसा काढा आणि फोटो घ्या. फोकसची खोली वाढवायला f/16 च्या पुढे जाऊ नका, कारण 1:1 ला f/16 हे प्रत्यक्षात f/32 च्या जवळपास वागतं आणि धारच जाते. मी f/8 ते f/11 मध्ये राहतो.

खणाने मात्र माझे सगळे नियम उलटे केले. खणाचा पोत सावलीत नसतोच, तो चकाकीत असतो. तिरपा कडक दिवा लावला की काठावर पांढरे फटक ठिपके येतात आणि मधलं अंग मेलेलं दिसतं. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला की चकाकी जाते आणि तिच्याबरोबर खणपणही जातं. वरून लावलेल्या रंगासारखं सपाट काहीतरी उरतं. इथे मोठा, मऊ उजेड हवा. खिडकीवर पांढरी चादर ताणायची, खण तिच्यासमोर किंचित कलता धरायचा आणि चकाकीचा पट्टा कापडाच्या अर्ध्या भागावरून हळूहळू विरत जाईल असं बघायचं. उजळातून गडदाकडे जाणाऱ्या त्या पट्ट्यात बारीक बुट्टी न बुट्टी दिसते. दोन प्रहरी काम होत नाही, सकाळी दहापर्यंत उरकायचं.

लेन्सच्या तक्रारी. काळ्या घोंगडीवर ऑटोफोकस पुढे-मागे धावत राहतो. एकसारखं काळं कापड, बिचाऱ्याला धरायला कड मिळत नाही. फोकस किती अंतरात शोधायचा ते बांधून देणारा फोकस लिमिटरचा खटका जवळच्या अंतरावर ठेवल्यावर त्रास निम्मा होतो, उरलेल्यासाठी मी सरळ हाताने फोकस करतो. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर लांबच्या फोटोंना छान, 1:1 ला त्याचा आधार फार कमी, आणि ट्रायपॉडवर तो बंदच असतो. चांगली गोष्ट म्हणजे फोकस करताना नळी पुढे-मागे सरकत नाही. लोकर आणि सुताच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण खोलीत तंतू सतत उडत असतात. त्यांच्यामुळेच पंखा बंद ठेवावा लागतो. सोलापूरचा मे महिना, पंखा बंद. बाकी समजून घ्या.

कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विश्वास नको. काळी घोंगडी कॅमेरा राखाडी करतो, पांढरा टॉवेलही राखाडीच करतो. घोंगडीला एक स्टॉप कमी, टॉवेलला एक स्टॉप जास्त, इथून सुरुवात करा.

मॉयरे, म्हणजे कापडावर उमटणारे ते इंद्रधनुषी लाटांचे पट्टे. लोक घाबरतात जवळच्या फोटोंना, पण तो येतो लांबच्यात. हिशेब सोपा आहे. 6000 पिक्सेलमध्ये 1.2 मीटर कापड बसवलं की एका पिक्सेलवर 0.2 मिमी येतं. धाग्याची ओळ 0.4 मिमीवर असेल तर दोन पिक्सेलमध्ये एक धागा, आणि तिथेच सेन्सरच्या जाळीचं आणि विणीचं भांडण सुरू होतं. थोडं पुढे-मागे व्हा. तेवढ्याने गेलं नाही तर या एका प्रसंगी f/16 किंवा f/22 वापरा, त्याची किंचित मऊ धार इथे उपयोगी पडते. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसणारे पट्टे पुष्कळदा खोटे असतात. 100 टक्के झूम करूनच काय ते ठरवा.

फोटो एडिट करायच्या लाइटरूममध्ये 2019 पासून टेक्स्चर नावाचा स्लायडर आहे. दहा-पंधराच्या पुढे नेला की पुन्हा काथ्या. विक्रेत्याला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मी लेन्स सेकंड-हँड घेतली आहे, आणि या कामाला नवीच हवी असं काही नाही. महिन्याकाठी दोन-चार साड्या विकणाऱ्याने तर लेन्स घेऊच नये. 1:4 च्या आसपास कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बऱ्याच किट लेन्सही पोहोचतात. जुनी घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा, विशेषतः कोकणातून किंवा मुंबईतून आलेली असेल तर. डायफ्रामच्या (छिद्र लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर तेल नाही ना तेही बघा. आणि लिमिटरचा खटका दहा-बारा वेळा इकडे-तिकडे करून बघा, कारण विकणारा तो भाग सहसा दाखवत नाही.