हिस्टामिन इनटॉलरन्स आणि झॅन्थन गम: काही महिन्यांच्या वापरानंतर

झॅन्थन गम, म्हणजे सूप-रस्सा दाट करणारी भुकटी. तिच्या पाकिटावर ‘फर्मेंटेशनने तयार’ असं दिसलं की हिस्टामिन (आंबवलेल्या, शिळ्या अन्नात वाढणारं, काहींना ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) न सोसणारे लोक ते तिथेच खाली ठेवतात. आंबवलेलं म्हणजे वर्ज्य, या नियमाने शंका येणारच. पण झॅन्थोमोनस कॅम्पेस्ट्रिस हा जिवाणू साखरेवर वाढवून, उष्णतेने मारून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने गम वेगळा काढतात आणि वाळवून दळतात. उरतं ते मुख्यतः कर्बोदक. हिस्टामिन बनायला हिस्टिडिन हे अमिनो आम्ल लागतं, आणि ते येतं प्रथिनांतून. मुरलेल्या चीजमध्ये ती भरपूर असतात, या भुकटीत फार थोडी.

खरा वैताग मापाचा आहे. पाककृतींत सरळ ‘एक चमचा’ लिहितात! अर्धा लिटर सूपला ०.२ टक्के, म्हणजे फक्त १ ग्रॅम पुरतो. सपाट छोट्या चमच्यात अडीच-तीन ग्रॅम मावतात आणि सूप शेंबडासारखं ताणतं. पूर्ण ग्रॅम दाखवणारा काटाही इथे कुचकामी, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्याच. जास्त गमचा दुसरा त्रास पोटाला. तो पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन गॅस करतो, आणि त्या फुगण्याचा ठपका हिस्टामिनवर बसतो. म्हणून सुरुवात ०.१ टक्क्याने करावी, आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ नको.

भुकटी थेट पाण्यात टाकली की गुठळी वरून चिकट, आत कोरडी राहते. कितीही उकळा, सुटत नाही. आधी चमचाभर तेलात कालवा, मग ब्लेंडर चालू ठेवून बारीक धार सोडा.

इथवर ‘चालेल’ एवढंच मत होतं. ते बदललं फ्रीझरमुळे. उरलेल्या अन्नात जिवाणू हिस्टामिन वाढवत राहतात आणि ते पुन्हा उकळून जात नाही, त्यामुळे उरलेलं लगेच गोठवणं भागच असतं. कॉर्नस्टार्चचं सूप वितळलं की पाणी सोडतं. झॅन्थनचं जसंच्या तसं राहतं. मात्र दाट पदार्थ आतून हळू निवतो. पसरट डब्यात दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्या, डबा बर्फाच्या पाण्यात ठेवून निववा आणि मग फ्रीझरमध्ये टाका.

घेताना घटकांत फक्त झॅन्थन गम हवा; मिश्रणात ग्वार गम (दाट करणारा दुसरा गम) असला तर नक्की कशाने त्रास झाला ते कळत नाही. आतडं आधीच नाजूक असेल तर अरारूट बरं: थंड पाण्यात कालवून शेवटी घाला, दाट होताच आच बंद करा. फार उकळलं तर पातळ होतं.