एसीएल सर्जरीचा अनुभव: ऑपरेशन एक नंबर, डिस्चार्जनंतर मात्र रामभरोसे

नमनाला घडाभर तेल नको. बॅडमिंटन खेळताना स्मॅश मारून एका पायावर उतरलो, गुडघा आत वळला, आतून टप्पकन आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं, आतल्या बाजूचा मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादी, तीही फाटली होती. दुर्बिणीतून सर्जरी केली, एसीएल नवीन बसवलं, मेनिस्कसला टाके घातले, आता वर्ष उलटून गेलंय. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण जी बोंब मला मारायचीये ती एका हॉस्पिटलपुरती नाहीच, ज्या ज्या लोकांशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांची थोड्याफार फरकाने हीच रड आहे.

आधी एक सांगतो. या सर्जरीचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचलेत तर लक्षात येईल की लोक टाके निघायच्या आधीच पाच स्टार देऊन मोकळे होतात. स्टाफ प्रेमळ, रूम स्वच्छ, डॉक्टर देवमाणूस, दुसऱ्या दिवशी चालत घरी. अरे पण चालत तर घरी जाणारच की! तुटलेल्या एसीएलनेसुद्धा माणूस सरळ रस्त्यावर आरामात चालतो, प्रॉब्लेम येतो तो वळताना, थांबताना, उडी मारून उतरताना. म्हणजे या सर्जरीचा खरा निकाल लागतो वर्षभराने आणि तोपर्यंत रिव्ह्यू लिहायचा उत्साह कोणात राहिलेला नसतो. म्हणून मी थांबलो होतो.

तपासणी आणि निदान, इथे नाव ठेवायला जागा नाही. सर्जनने एमआरआयची फिल्म बाजूला ठेवून आधी गुडघा हातात घेतला. एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. चांगल्या पायाला ओढलं की एका जागी टक्क करून अडकते, दुखऱ्या पायाला ओढलं तर अडकतच नाही, नुसती सरकत जाते. याला लॅकमन टेस्ट म्हणतात आणि जाणत्या हाताला एमआरआयआधीच त्यातून बरंच कळतं. मग माझ्याकडून स्वतःच्या चांगल्या गुडघ्यावर हात ठेवून फरक बघून घेतला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की नक्की काय तुटलंय.

आणि मुख्य म्हणजे घाई केली नाही. मी म्हणत होतो उद्याच करून टाका, ते म्हणाले सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, मांडीत जोर येऊ दे, मग टेबलावर घेतो. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर गुडघा जाम व्हायची भीती जास्त असते. आणि हेही स्पष्ट सांगितलं की प्रत्येक तुटलेल्या एसीएलला सर्जरी लागतेच असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या लोकांवर एक ट्रायल झाली होती, २०१० मध्ये छापून आली, अर्ध्या लोकांची लवकर सर्जरी आणि अर्ध्यांना आधी फक्त व्यायाम, गरज वाटली तर नंतर सर्जरी. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच निघाले आणि व्यायामवाल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तोवर सर्जरी लागलीच नव्हती. माझ्या बाबतीत टाके घालण्याजोगा मेनिस्कस होता, गुडघा साधं वळतानाही दगा देत होता आणि मला परत कोर्टवर जायचं होतं, म्हणून सर्जरी. पण ज्याने स्वतःचीच ऑपरेशनं कमी होऊ शकतात अशी माहिती पेशंटला देणारा सर्जन भेटणं ही मोठी गोष्ट आहे.

ग्राफ्टबद्दल मात्र अजून बोलायला हवं होतं असं वाटतं. तुटलेलं एसीएल शिवून सहसा भागत नाही, त्याच्या जागी दुसरीकडची दोरी आणून बसवतात, तोच ग्राफ्ट. मांडीच्या मागची हॅमस्ट्रिंग, वाटीखालची पटेलर टेंडन किंवा वाटीवरची क्वाड्रिसेप्स टेंडन, हे तीन मुख्य पर्याय. पटेलरवाली दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यासकट काढतात म्हणून ती हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर धरते, पण नंतर गुडघे टेकून बसताना पुढे दुखतं अशी तक्रार जास्त. हॅमस्ट्रिंग काढली तर ती तक्रार कमी, पण गुडघा खोल दुमडायचा जोर थोडा कमी पडतो आणि ग्राफ्ट बारीक, म्हणजे ८ मिलीमीटरच्या आत निघाला तर परत तुटायची शक्यता वाढते. दुसऱ्या माणसाचा, म्हणजे डोनरचा ग्राफ्ट तरुण खेळाडूंमध्ये जास्त तुटतो, त्यामुळे तो शक्यतो नको. हे सगळं मी नंतर वाचून काढलं. मला तिथे एवढंच सांगितलं, "आपण हॅमस्ट्रिंग घेऊ." घेऊ तर घेऊ. निर्णय चुकीचा नव्हता, पण ज्याचं काम दिवसभर गुडघ्यावर बसून फरशा बसवायचं आहे आणि जो स्प्रिंट मारतो, त्या दोघांना हा प्रश्न वेगळा लागू होतो, पाच मिनिटं काढून विचारायला काय हरकत होती.

ऑपरेशनचा दिवस. कमरेखालचा भाग बधीर केला, मी जागाच होतो, समोर स्क्रीनवर स्वतःच्या गुडघ्याचं आतलं दृश्य चालू. पांढऱ्या चकचकीत कूर्चेच्या मधोमध झिपऱ्या निघालेलं एसीएल पाण्यात हलत होतं, ते बघून पोटात कालवलं पण नजर हटेना. टोकियोत १९१८ साली केन्जी ताकागी नावाच्या डॉक्टरने मूत्राशय बघायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली होती, तिथून ही सगळी गंमत सुरू झाली, आणि त्यांचाच शिष्य मासाकी वातानाबे याने १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटका मेनिस्कस कापून काढला. आज त्याच वाटेने दोन-तीन छोट्या भोकांतून सगळं होतं. ग्राफ्ट काढायला नडगीवर एक छोटा छेद, बाकी काही नाही. भूलतज्ज्ञ, ओटीचा स्टाफ, रात्रीच्या नर्स, सगळे एक नंबर. दुखणं आटोक्यात होतं, इन्फेक्शन नाही, पायात रक्ताची गुठळी नाही. इथे दहापैकी दहा, डोळे झाकून.

आणि मग डिस्चार्ज.

हातात काय आलं तर गोळ्यांची चिठ्ठी, टाके काढायची तारीख आणि एक झेरॉक्स कागद, ज्याच्यावर व्यायामाची तीन चित्रं होती, त्यातलं एक इतकं काळं आलेलं की पाय कुठला आणि उशी कुठली ते कळेना. मेनिस्कसला टाके घातलेत, मग काही आठवडे गुडघा ९० अंशांच्या पुढे वजन टाकून वाकवायचा नाही, हे त्या कागदावर नव्हतं. नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधीर होईल, छेदाजवळून त्वचेची बारीक नस जाते म्हणून हे अगदी कॉमन आहे, हेही कोणी बोललं नाही, मी आपला रात्री जागून काहीतरी भयंकर झालंय असं समजत बसलो. आणि सगळ्यात कहर म्हणजे डिस्चार्ज करणाऱ्या ज्युनिअरचं जाताजाता वाक्य, "सहा महिन्यांत खेळायला लागाल." असं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं सांगायची गोष्ट आहे का ही?

कारण हे सहा महिन्यांचं प्रकरण साधं नाहीये. आत बसवलेली दोरी पहिल्या दिवशी जेवढी मजबूत असते तेवढी नंतर राहत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, शरीर ती आतून मोडून परत विणतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास ती सगळ्यात कमजोर असते, नेमकी तेव्हाच सूज गेलेली, दुखणं गेलेलं, माणसाला वाटतं झालो की बरा. पूर्ण लिगामेंटसारखी व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी जास्तही जातं. नॉर्वे आणि अमेरिकेच्या टीमचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जेवढे महिने पुढे ढकललं त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला परत दुखापत व्हायचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होत गेलं. आणि ९ महिन्यांनंतर थांबण्याचा तसा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे सहाव्या महिन्यात खेळा सांगणं आणि नवव्यात खेळा सांगणं यात किती फरक आहे बघा.

मला वाचवलं ते फिजिओने. त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कोपऱ्यात, दोन खाटा आणि एक सायकल एवढाच त्यांचा संसार. पहिल्या भेटीत मॅडमनी कागद बघितला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. मग टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल दिला आणि गुडघा मोकळा सोडायला सांगितला, म्हणाल्या, "वाकवायची घाई नको, आधी सरळ. शेवटचे पाच अंश गेले ना, तर आयुष्यभर लंगडत चालाल." नंतर कळलं की गुडघा पूर्ण सरळ न होणं हीच या सर्जरीनंतरची मोठी कटकट असते, कधी कधी ग्राफ्टच्या पुढे मांसाचा गोळा तयार होऊन सरळ व्हायला अडवतो आणि तो काढायला परत दुर्बीण घालावी लागते.

मांडीचं तर विचारूच नका. मी मांडीला म्हणतोय आवळ, आणि मांडी ढिम्म. दुखापत झालेल्या गुडघ्यातली सूज मेंदूकडून येणारा हुकूमच दाबून टाकते, स्नायू चांगला असूनही ऐकत नाही. मॅडम वाटीच्या वरच्या आतल्या भागावर बोटांनी टिचक्या मारत बसायच्या, मग करंटचं मशीन लावायच्या, आणि एक दिवस ती मांडी अशी थरथरली आणि वाटी वर सरकली तेव्हा आम्ही दोघंही हसलो. तिथून सायकल, मग अर्ध्या बैठका, मग एका पायावर, मग उड्या. खेळायची परवानगी कॅलेंडर बघून दिली नाही, टेस्ट घेऊन दिली. एका पायावर लांब उडी, तीन उड्या, तिरक्या उड्या, मशीनवर मांडीचा जोर, सगळ्यात दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आला पाहिजे. पहिल्यांदा टेस्ट घेतली तेव्हा उडीत आलो पण मांडीच्या जोरात अडकलो, बाईंनी सरळ नापास केलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. सर्जरीआधी मी काउंटरला विचारलं होतं की तुमच्याकडे एसीएलचे रिझल्ट कसे आहेत. उत्तर आलं, "सर, ९९ टक्के सक्सेस." सक्सेस म्हणजे काय पण? टाके नीट भरले हे सक्सेस? की पेशंट परत आधीसारखा खेळला हे? जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये आकडे काढले गेले होते, सर्जरीनंतर कुठला तरी खेळ परत खेळणारे ८१ टक्के, आधीच्या लेव्हलला परतणारे ६५ टक्के आणि स्पर्धेत परत उतरणारे ५५ टक्के. हे आकडे वाईट नाहीत, पण ९९ नाहीत. नॉर्वेने २००४ पासून आणि स्वीडन, डेन्मार्कने २००५ पासून अशा सर्जरींची देशपातळीवर नोंदवही ठेवलीये, कुठला ग्राफ्ट घातला, परत सर्जरी लागली का, आणि पेशंटला स्वतःला काय वाटतंय हेसुद्धा. त्यासाठी कूस (KOOS) नावाचा ४२ प्रश्नांचा फॉर्म असतो, दुखणं, लक्षणं, रोजची कामं, खेळ आणि एकूण जगणं असे पाच भाग, शून्य ते शंभर मार्क. सर्जरीआधी एकदा भरायचा, नंतर वर्षाने, दोन वर्षांनी. मला माझ्या हॉस्पिटलने हा फॉर्म एकदाही दिला नाही. म्हणजे माझा गुडघा आज कसा आहे हे त्यांना माहीतच नाही, आणि मी त्यांच्या ९९ मध्ये मोजला गेलोय की उरलेल्या एकात, देव जाणे.

तर माझा निकाल मीच देतो. रोजच्या कामात शंभर टक्के. जिने, पळणं, मांडी घालून बसणं ओके, उकिडवं बसलं की शेवटी थोडं आवळतं. बधीर भाग लहान झालाय, गेला नाही. बॅडमिंटन परत सुरू केलंय, डबल्स फक्त. सिंगल्सला गुडघ्यात काही अडत नाही, अडतं डोक्यात, मागे जाऊन स्मॅश मारायची वेळ आली की पाय आपोआप आखडतो. या भीतीचाही वेगळा फॉर्म आहे म्हणे आणि ज्यांची भीती जाते ते खेळात परतण्याची शक्यता जास्त असते, पण सर्जनच्या ओपीडीत या विषयाला कोणाला वेळ नाही. आणि सर्जरी झाली म्हणजे म्हातारपणी गुडघा झिजणार नाही याची हमी नाही, ही गोष्ट मला सर्जनने आधीच सांगितली होती, तेवढे मार्क त्यांना.

जाताजाता, वेटिंगमध्ये माझ्या शेजारी पन्नाशीचे एक काका बसले होते, पडझड नाही, दुखापत नाही, एमआरआयमध्ये मेनिस्कस फाटलेला दिसला म्हणून "आत साफ करून घ्यायला" आले होते. तुमच्या घरात असं कोणी असेल तर जरा थांबवा त्यांना. फिनलंडमध्ये १४६ लोकांवर ट्रायल झाली होती, २०१३ मध्ये आली, झिजून फाटलेल्या मेनिस्कसवर अर्ध्यांचं खरं ऑपरेशन आणि अर्ध्यांचं फक्त नाटक, वर्षाने दोघांचं बरं होणं सारखंच. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेत झिजलेल्या गुडघ्यांवर असंच नाटक करून बघितलं, तिथेही तेच. गुडघा अडकून बसत असेल, सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आधी मांडीचे व्यायाम.

परत याच हॉस्पिटलला जाईन का? ऑपरेशनला हो, आणि त्याच सर्जनकडे. पण आधी फिजिओ मॅडमची अपॉइंटमेंट घेईन, ग्राफ्टवर बसून चर्चा करेन, डिस्चार्जच्या वेळी किती वाकवायचं, किती वजन टाकायचं, ब्रेस किती आठवडे हे लेखी मागेन आणि ऑपरेशन नोटची कॉपी, ज्यात ग्राफ्टची जाडी आणि मेनिस्कसचे टाके लिहिलेले असतात, ती हातात पडल्याशिवाय रूम सोडणार नाही. ऑपरेशनला पाच, फिजिओला पाच, मधल्या सगळ्या कारभाराला दीड, आणि तो अर्धाही रात्रपाळीच्या नर्समुळे.