कॉलेजचा पॉइंट गार्ड आता पोट्ट्यांचा कोच: आमच्या बास्केटबॉल क्लासचा रिव्ह्यू

पश्चिम नागपुरात पोरांसाठी बास्केटबॉल क्लास शोधून राहिले असाल तर ह्या सरांकडे डोळे झाकून टाका, फक्त महिनाभरात पोरगं लांबून थ्री पॉइंटर मारायला लागंल अशी आशा ठेवू नका. नाव इथं टाकत नाही कारण सरच नको म्हणाले, बॅच आधीच भरलीय म्हणे. धरमपेठ, रविनगरकडं कोणत्याही बास्केटबॉलवाल्याला विचारा, सांगंल.

सर कॉलेजात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन टीमचा खेळ चालवणारा खेळाडू होते, युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळले, आणि पुढं तोच प्रश्न जो आपल्याकडं बहुतेकांना पडतो. बास्केटबॉलमध्ये पोट भरायचं तर रेल्वे, पोलीस नाहीतर एखाद्या बँकेत स्पोर्ट्स कोट्यातून लागा, नाहीतर बीपीएड करून शाळेत पीटी टीचर व्हा. सरांनी ते सोडून पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा केला. घरचे म्हणे लय चिडले होते.

आता चांगला खेळणारा चांगला शिकवतोच असं काही नाही. आधी माझी पोरगी ज्या क्लासला होती तिथले कोच स्वतः जम्प शॉट मारून दाखवायचे, पोरं टाळ्या वाजवायची, तास संपला. वर नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या हातात मोठ्या माणसांचा सात नंबरचा बॉल, मग ती बिचारी कमरेपासून फेकणार नाहीतर काय करणार, आणि एकदा का ती सवय लागली की कोपर सरळ करायला पुढं किती वेळ जातो ते आम्ही भोगून राहिलो.

ह्या सरांकडं लहान बॅचला पाच नंबरचा बॉल, आणि नेहमीच्या दहा फुटी रिंगसोबत साडेआठ फुटांवर लावलेली वेगळी रिंग. हे काही त्यांच्या मनचं नाही, लहान पोरांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंगचा नियमच २.६० मीटरचा, म्हणजे साधारण साडेआठ फुटांचा आहे, पण पाळतं कोण! सुरुवातीला तर बॉलही देत नाहीत. नुसतं गुडघे वाकवून उभं राहणं, साइडला स्लाइड, जम्प स्टॉप (उडी मारून दोन्ही पायांवर थांबणं), पिव्होट (एक पाय जागेवर रोवून फिरणं). जाळीबाहेर बसलेले आईबाप कुरकुरतात की फी काय उठाबशांची घेऊन राहिले का. पण शाळेच्या मॅचेस बघा, पोट्टे बॉल पकडतात आणि ड्रिबल सुरू व्हायच्या आधीच पिव्होटचा पाय उचलतात, शिट्टी, ट्रॅव्हलिंग, बॉल समोरच्यांना. माझ्या पोरीचं ते आता जवळपास बंद झालंय. लेअप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन बॉल टाकणं, अजून उजव्या हातानंच जमतो, डाव्याचं नाव काढू नका.

मला सगळ्यात आवडलं ते मोबाईलवर मॅचचे तुकडे दाखवणं. बॉल कोणाकडं आहे ते बघू नका, बाकीचे चौघं काय करून राहिले ते सांगा, असं विचारतात. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या मियामी हीट टीमचा कोच एरिक स्पोल्स्ट्रा सरांचा हिरो आहे. तोही कॉलेजचा पॉइंट गार्डच, एनबीएत कधी खेळला नाही, १९९५ ला मियामीच्या व्हिडिओ रूममध्ये कामाला लागला, २००८ ला तिथलाच हेड कोच झाला आणि २०१२, २०१३ लागोपाठ टायटल जिंकला. सर हे सांगायला लागले की थांबत नाहीत, पोरं घड्याळ बघतात :)

खटकणाऱ्या गोष्टी पण सांगतो. कोर्ट सिमेंटचं आणि उघडं, पाऊस आला की सुट्टी, आणि ती कळते आपण गाडी काढल्यावर, ग्रुपवर मेसेज टाकण्यात सर भयंकर ढिले. दहावीच्या क्रीडा गुणांचं विचारलं तर सरळ म्हणतात, आधी खेळू द्या बापा. बरोबर आहे त्यांचं, पण ज्यांना तेच पाहिजे त्यांनी दुसरीकडं बघावं. मोठ्या पोरांच्या बॅचला असिस्टंट असतो, तो बरा आहे, त्यापेक्षा जास्त नाही.

फी आजूबाजूच्या क्लासेसपेक्षा थोडी जास्त. शूज मात्र घोट्याला आधार देणारे घ्या, रनिंगचे चालत नाहीत, स्लाइड करताना पाय मुरगळतो. आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) संध्याकाळची बॅच बंदच असते, सकाळी साडेपाचला पोरगं उठत असंल तरच उन्हाळ्यात नाव टाका.