बेघरांची एका रात्रीची मोजणी: दोन वर्षं व्हॉलंटियर म्हणून गेले त्याचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

सलग दोन वर्षं शहरातल्या बेघर मोजणीला गेलेय, म्हणून आता लिहितेच. ३ स्टार देतेय, त्यातले दोन रस्त्यावर फिरणाऱ्या माणसांना आणि एक नंतरच्या सर्व्हेला. उरलेले दोन का कापले ते वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एक रात्र ठरवतात, कुठे दोनतीन रात्री, निवाऱ्यात किती जण आहेत ते तिथल्या नोंदीवरून घेतात आणि फुटपाथ, पुलाखाली, बागा, गाड्या यांच्यासाठी टीम पाठवतात. अमेरिकेत ही रात्र जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली असते, कारण थंडीत ज्याला कुठेतरी आत शिरता येतं तो शिरतोच, मग बाहेर उरतो तो ज्याला खरंच कुठे जागा नाही. भारतात २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजले होते, १७.७३ लाख निघाले, त्यातले ९.३८ लाख शहरांत. पॅरिसमध्ये २०१८ पासून हजारो व्हॉलंटियर असंच एका रात्री फिरतात.

ट्रेनिंग तासाभराचं होतं पण चांगलं होतं. तोंडावर टॉर्च मारायची नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, तंबूत डोकवायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. हे सगळं ते दोनदोनदा बजावून सांगत होते ते मला फार आवडलं, कारण रस्ता असला तरी ते कुणाचं तरी झोपायचं ठिकाण आहे.

आमची टीम चौघांची, त्यातले एक दादा स्वतः काही वर्षं रस्त्यावर काढलेले. ते नसते तर आम्ही अर्धे लोक चुकवले असते हे अगदी खरं सांगते. एका गल्लीत ओळीने गाड्या लावलेल्या, मी म्हटलं सगळ्या रिकाम्या आहेत चला पुढे, तर ते थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, ती चौथी बघा, काचेवर आतून वाफ धरलीय. श्वासाची वाफ आहे ती, आत कुणीतरी झोपलंय." बाकी सगळ्या गाड्यांच्या काचा कोरड्या होत्या. मागच्या काचेला आतून पुठ्ठा लावलेला तो मला त्यांनी सांगितल्यावर दिसला. प्रत्येक टीममध्ये असा एक माणूस हवाच आणि त्याला त्या रात्रीचे पैसे द्यायला हवेत, आत्ता बऱ्याच ठिकाणी ते फुकटात होतं.

पुढे एक तंबू होता, बाहेर चपलांचे दोन जोड, एक मोठ्या माणसाचा आणि एक इतका छोटा की माझ्या तळहातावर मावला असता. नोंदी करायच्या ॲपमध्ये फक्त "तंबू: १" टाकता येतं. आत किती माणसं ते नंतर सर्व्हेवरून काढतात, म्हणजे तंबूत, गाडीत सरासरी किती जण राहतात ते वेगळं विचारतात आणि त्याने गुणतात. लॉस एंजेलिसमध्ये असंच करतात. तिथला २०२४ चा पूर्ण काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आकडा ७५,३१२. असा एकेरीपर्यंतचा आकडा वाचला की वाटतं एकेक डोकं मोजलंय, पण तो अंदाज असतो, हिशोब करून काढलेला. अंदाज असायला माझी हरकत नाही, दुसरा मार्गच नाही, पण तो अंदाज आहे हे बातमीत पहिल्याच ओळीत यायला हवं.

आता स्टार का कापले. दुसऱ्या वर्षी ॲप मध्येच अडकलं, दोन गल्ल्यांच्या नोंदी सिंकच झाल्या नाहीत. फोन केला तर पलीकडून उत्तर, "आठवेल तसं टाका." आठवेल तसं?? मला इतका राग आला, कारण याच आकड्यावर पुढे निवाऱ्यातल्या खाटा आणि निधी ठरतो. आम्ही चौघं परत त्या दोन्ही गल्ल्या चाललो, पहाटेचे तीन वाजले, पण नीट भरलं. कागदी फॉर्म बरोबर द्या एवढीच मागणी आहे, फार काही नाही.

दुसरा स्टार कापला कारण आमच्याकडे किती जण सुटले ते कुणी तपासतच नाही. न्यूयॉर्कमध्ये यासाठी एक पद्धत आहे, काही लोकांना मुद्दाम बेघर म्हणून ठिकठिकाणी बसवून ठेवतात आणि टीमना ते सापडले का ते बघतात, न सापडलेल्यांवरून एकूण किती सुटले असतील त्याचा अंदाज लावतात. साधी गोष्ट आहे, सगळ्या मोठ्या शहरांना जमेल.

आता दिलेल्या तीनपैकी तिसरा स्टार, तो सर्व्हेचा. ट्रेनिंग घेतलेले लोक मोजणीनंतर काही आठवडे दिवसा एकेकाजवळ बसून विचारतात, घर कधी सुटलं, कशामुळे, तब्येत कशी आहे, मुलं कुठे आहेत. मी एक दिवस नोंदी लिहायला बसले होते. पन्नाशीच्या एक बाई बाकावर बसल्या होत्या, पिशवीचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. मोजणीच्या रात्री कुठे होतात विचारलं तर म्हणाल्या, "रात्री आम्ही बायका झोपतो कुठे? चालत राहतो नाहीतर बसमध्ये बसून राहतो. झोप दिवसा." म्हणजे आम्ही रात्रभर पालथ्या घातलेल्या गल्ल्यांत त्या कधी नव्हत्याच, आणि नातेवाईकांच्या घरी कोपऱ्यात पोरं घेऊन राहणाऱ्या बायका तर रस्त्यावरच्या मोजणीत सापडणारच नाहीत.

तरी जा. झोप आवडत असली तरी एक रात्र जा, बूट चांगले घाला, फोन फुल चार्ज करा आणि जोडीला वही-पेन ठेवा. मी पुढच्या वर्षासाठी नाव दिलंय, आणि रात्रभर चालणाऱ्या बसमध्येही एक टीम बसवा असं लेखी कळवलंय, उत्तर आलं की इथेच टाकते.