६० लिटरच्या टाकीत कोणाचं कोणाशी जमतं: ‘कम्युनिटी’ माशांचं परीक्षण

दुकानात ‘कम्युनिटी फिश’ अशी पाटी लावलेल्या टाकीत दहा-बारा जातींचे मासे एकत्र हिंडत असतात आणि कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. ते बघून वाटतं, यांचं आपसात जमतंच. पण ती बहुतेक पिल्लं असतात, आज दिसली तर चार दिवसांनी विकली गेलेली असतात, आणि दाटी एवढी असते की एकालाही कोपरा अडवून बसता येत नाही. घरच्या टाकीत वाढ पुरी होते, जागेची वाटणी होते, तेव्हा खरे स्वभाव दिसतात. म्हणून या पाटीखाली हमखास मिळणारे मासे इथे एकाच मापाला लावून पाहिले आहेत: ६० सेंमी लांब, ३० रुंद आणि ३६ उंच टाकी.

हिशेबाने ही टाकी ६५ लिटरची होते. तळाशी ४-५ सेंमी वाळू, वर ३-४ सेंमी मोकळी जागा, आत एखादं लाकूड आणि दगड धरले की हाती पाणी उरतं जेमतेम ५० लिटर. मासे मोजायचे ते या ५० लिटरवर. ‘एका लिटरला एक सेंमी मासा’ हा नियम बराच चालतो, पण तो फक्त ५ सेंमीच्या आतल्या बारीक माशांना लागू पडतो. मासा लांबीला दहापट झाला की त्याचं वजन हजारपटीच्या घरात जातं, आणि घाण वजनाच्या प्रमाणात होते. ३ सेंमीचे दहा निऑन आणि ३० सेंमीचा एक प्लेको (दुकानातला ‘सकर’) यांची लांबी कागदावर सारखीच भरते, टाकीत मात्र त्यांची बरोबरी होऊच शकत नाही.

या मापाच्या टाकीसाठी आमचं ठाम मत असं: जाती दोन, फार तर तीन, आणि प्रत्येक जातीची संख्या पुरेशी. सहा जातींचे दोन-दोन मासे आणणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. घोळक्यात राहणारा मासा जोडीने ठेवला की एकतर दबून राहतो, नाहीतर दुसऱ्यांचे पर कुरतडायला लागतो.

आधी पाणी

मासा पसंत करण्याआधी नळाच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा) आणि जीएच (जडपणा) तपासा. पट्टीपेक्षा थेंबांचं टेस्ट किट चांगलं, कारण पट्टीवरच्या जवळजवळच्या रंगछटा ओळखताना चूक होते. पीएच ७.५ च्या वर आणि जीएच १२ च्या पुढे असेल तर ते जड पाणी. गप्पी, प्लॅटी त्यात खुलतात. पीएच ७ च्या आसपास आणि जीएच ८ च्या आत असेल तर ते सॉफ्ट पाणी. निऑन, रासबोरा, कोरी (कोरीडोरास) यांना ते मानवतं. औषधं घालून पीएच खाली आणायच्या भरीस पडू नये. जड पाण्यातला क्षार, म्हणजे केएच, तो पुन्हा वर खेचतो आणि पीएच रोज वरखाली होत राहतो. जरा न आवडणारं पण स्थिर पाणी मासा सोसतो, रोज बदलणारं सोसत नाही.

पीएचचा आणखी एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. २५ अंशांना पीएच ७ असेल तर माशांच्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर अमोनियाचा आकडा तोच दिसला तरी जड पाण्यात धोका सुमारे दहापट. अशा पाण्यात टाकी सायकल न करता, म्हणजे अमोनिया आणि त्यातून होणारं नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार होऊ न देता, मासे सोडणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

ज्यांची शिफारस करावी असे

हार्लेक्विन रासबोरा या मापासाठी आमची पहिली पसंती. वाढ ४.५ सेंमीपर्यंत, पाणी २२ ते २७ अंश, मधल्या थरात फिरणारा. कोणाचे पर ओढत नाही, कोणाच्या घाईगर्दीने बुजत नाही, आणि पीएच ६ ते ७.५ पर्यंत निभावून नेतो. आठ ते दहा घ्या. रुंद पानांची क्रिप्टोकोरीन लावली तर एखाद्या सकाळी मादी उलटी होऊन पानाच्या खालच्या अंगाला पोट घासताना आणि नर तिला वेढा घालताना दिसेल. हे मासे अंडी पानाखाली चिकटवतात. पुढे ती खाऊनही टाकतात, त्यामुळे संख्या हाताबाहेर जात नाही.

निऑन टेट्रा दिसायला त्याहून सरस, पण नव्या टाकीत टाकायचा मासा नव्हे. टाकी दोन-तीन महिने जुनी झाली की आणा, आठच्या खाली नको, तापमान २२ ते २५. रात्री दिवा बंद झाल्यावर त्याचा रंग फिका पडतो, तो आजार नाही. मात्र दिवसाढवळ्या लाल-निळ्या पट्ट्यात पांढुरका डाग पसरतोय, मासा घोळक्यातून फुटून एकटा राहतोय आणि पाठ वाकतेय, असं दिसलं तर निऑन रोगाची दाट शक्यता. त्यावर भरवशाचं औषध नाही. तो मासा लगेच वेगळा काढावा, कारण मेलेला निऑन बाकीच्यांनी कुरतडला की रोग पसरतो. पाणी कायम २६-२७ राहत असेल तर निऑनऐवजी कार्डिनल घ्या. त्याची लाल पट्टी डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते, निऑनची पोटाच्या मध्यापासून सुरू होते. ओळख तेवढीच पुरते.

कोरीडोरासबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तळाचा मासा म्हणून तो सगळेच सुचवतात आणि ठेवला मात्र चुकीचा जातो. तो कचरा साफ करत नाही, त्याला स्वतःचं खाणं लागतं. वरून टाकलेलं फ्लेक तळापर्यंत पोचतच नाही, म्हणून दिवा बंद केल्यावर बुडणारी गोळी टाका, सहा माशांना दोन-तीन. तळ बारीक, गोल कणांच्या वाळूचा हवा. कोरी तोंड वाळूत खुपसतो, घास घेतो आणि कल्ल्यांतून वाळू गाळून सोडतो. धारदार रंगीत खडीत हे जमत नाही. खडीच्या फटीत अडकलेलं खाणं कुजतं, तिथे जंतू वाढतात आणि त्याच्या मिशा झिजून खुंट उरतात. विकत घेताना मिशा बघा: शाबूत असतील तर दोन्ही बाजूंनी बारीक धाग्यासारख्या लोंबताना दिसतात. अधूनमधून तो झपकन वर येऊन हवेचा घोट घेतो, ते त्याच्या आतड्यातून श्वास घेण्याचं तंत्र आहे, घाबरू नका. सगळेच सारखे वर यायला लागले तर मात्र पाण्यातला ऑक्सिजन कमी पडतोय. जाळीने पकडू नये, छातीच्या परांचे काटे जाळीत अडकतात, भांड्याने उचला.

यातला पांडा ५ सेंमीचा, पण त्याला २० ते २५ अंशच हवेत. पाणी २७-२८ ला राहत असेल तर स्टर्बा घ्या, तो उबेत सुखी असतो. पिग्मी कोरी जेमतेम अडीच सेंमीचा आणि मधल्या थरातही पोहणारा, तो आठ-दहा हवा. बाकी जाती सहाच्या खाली नकोत. दोन-तीनच ठेवले की ते दिवसभर लाकडाखाली बसून राहतात आणि लोकांना वाटतं, हा मासाच सुस्त.

एकच उठून दिसणारा मासा हवा असेल तर हनी गौरामी. ५ सेंमी, शांत, वरच्या थरातला. एक नर आणि एक किंवा दोन माद्या. त्याच्याशेजारी निळ्या-लाल पट्ट्यांचा ड्वार्फ गौरामी जास्त देखणा दिसतो, पण त्याच्या मत्स्यशेतीतल्या पैदाशीत एक विषाणूजन्य रोग पसरलेला आहे, त्यावर इलाज नाही, आणि दोन नर एकत्र आले तर ६० सेंमीत एकाची सुटका नाही. मन त्याच्यावर जडलं तरी हनीच घ्या.

गप्पी आणि प्लॅटी

जड पाण्यात यांच्याइतका खणखणीत मासा नाही. अडचण पिल्लांची. दुकानातून आणलेली मादी बहुधा गाभणीच असते, साधारण चार आठवड्यांनी वीस-चाळीस पिल्लं देते, आणि पुढे नर नसला तरी साठवलेल्या वीर्यावर काही महिने देत राहते. ५० लिटर पाणी अर्ध्या वर्षात तुडुंब होतं. म्हणून फक्त नर घ्या, सात-आठ. तीन-चारच नर असतील तर एकाच्याच मागे बाकीचे लागतात. संख्या वाढली की त्रास विभागला जातो. मॉली या टाकीला मोठी पडते आणि स्वोर्डटेलही.

अटींवर चालणारा: फायटर

फायटर नर एकटा ठेवावा असं सरसकट सांगितलं जातं. दोन नर कधीच नाहीत, हे खरं. पण ५० लिटर पाण्यात, दाट झाडी असेल तर एक नर, सहा स्टर्बा कोरी आणि आठ एम्बर टेट्रा असं जमू शकतं. तिघांनाही २६ अंश चालतात. गप्पीबरोबर मात्र नको: लांब रंगीत शेपूट पाहून फायटर त्याला दुसरा नरच समजतो. फिल्टरचा झोत काचेकडे वळवा, नाहीतर जड परांमुळे तो दिवसभर प्रवाहाशी झगडत दमतो. आणि एखाद्या फायटरचा स्वभावच तापट निघू शकतो, तेव्हा त्याला हलवायला १५-२० लिटरची वेगळी टाकी तयार नसेल तर हा बेत करू नये.

न घेण्यासारखे

टायगर बार्ब सहा-सात सेंमीचा, चपळ आणि पर कुरतडणारा. आठ-दहा ठेवले तर आपसातच भांडतात आणि बाकीचे वाचतात, पण तेवढ्यांना ६० सेंमी पुरत नाही. झेब्रा डॅनिओ गुणी आहे, त्याला पळायला ८० सेंमी द्या.

एंजल नाण्याएवढा असताना घेतला जातो. वाढून १५ सेंमी लांब आणि त्याहून उंच होतो, आणि तोवर निऑन त्याच्या तोंडात मावायला लागलेले असतात. रोज एक निऑन कमी होतोय आणि कलेवर सापडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी एंजलकडे बघावं. बाला शार्क, क्लाउन लोच, पंगासिअस यांची पिल्लं बोटाएवढी असतात, पुढे पहिले दोन फूटभर होतात आणि पंगासिअस मीटरच्याही पुढे. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि घाणही फार. मिस केरळा पश्चिम घाटातल्या वाहत्या नद्यांतला मासा, त्याच्या प्रजातीगटाला सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ हे नाव दिलेलं आहे. पण तो १५ सेंमी होतो, प्रवाहात पळणारा आहे आणि निसर्गात संकटग्रस्त आहे. या टाकीत त्याला कोंडू नका.

शेवाळ खायला म्हणून ‘सकर’ गळ्यात मारला जातो. साधा प्लेको ३० सेंमीच्या पुढे जातो. चायनीज अल्गी इटर मोठेपणी शेवाळ सोडून रुंद माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो, त्याने जखमा होतात. शेवाळावर खरा उपाय दिवा रोज सहा-सात तासांवर आणणं. जोडीला दोन नेराइट गोगलगायी. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं होत नाहीत, फक्त लाकडावर अंड्यांचे पांढरे ठिपके राहतात.

तीन जुळण्या आणि सोडण्याचा क्रम

सॉफ्ट पाण्यात, २४-२५ अंशांना: १० हार्लेक्विन, ६ पांडा कोरी, हनी गौरामीची जोडी. जड पाण्यात: ७ नर गप्पी, ६ ब्राँझ कोरी, २ नेराइट. अगदी निवांत टाकी हवी असेल तर १२ एम्बर टेट्रा, ८ पिग्मी कोरी आणि चेरी कोळंबीचे १० नग. एम्बर दोन सेंमीचाच असल्याने मोठ्या कोळंबीला धोका नाही, बारीक पिल्लं थोडी जातील, मॉस या पाणवनस्पतीचा गोळा ठेवला तर पुष्कळशी वाचतात. तिन्हींसाठी ताशी २५०-३०० लिटरचा फिल्टर, खेचणाऱ्या तोंडाला स्पंज, ५०-७५ वॅटचा हीटर आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, क्लोरीन काढून.

टाकी भरल्यावर माशांविना ४ ते ६ आठवडे सायकल करा. २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की ती तयार. आधी रासबोरा किंवा टेट्रा, दोन आठवड्यांनी कोरी, आणि गौरामी किंवा फायटर अगदी शेवटी. जागा धरणारा मासा पहिला सोडला तर अख्खी टाकी त्याची होते आणि नंतर येणारा प्रत्येक जण घुसखोर ठरतो. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घाला; पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पिशवी कित्येक तास बंद राहिली असेल तर हा वेळकाढूपणा टाळा: ती उघडताच आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. तेव्हा तापमान जुळलं की मासा लगेच उचलून टाकीत.

पुढचे पंधरा दिवस परांवर लक्ष ठेवा. कड स्वच्छ आणि अर्धगोल तुटलेली असेल तर कोणीतरी चावतंय. जुळणीत चूक आहे, औषधाने काही होणार नाही. कड पांढरट, झिरझिरीत होऊन रोज थोडी आत सरकत असेल तर ती पर कुजण्याची सुरुवात. लागलीच अमोनिया-नायट्राइट मोजा आणि पाणी बदला.